पाचशे रुपयांचा ओबीडी स्कॅनर: चेक इंजिनचा दिवा त्याला किती कळतो?

ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवून ठेवायची यंत्रणा. ती वाचणारा, ईएलएम ३२७ चिपवर चालणारा, काडेपेटीएवढा ब्लूटूथ स्कॅनर ऑनलाइन साधारण चारशे ते आठशे रुपयांत मिळतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायचा, मोबाइलवर अ‍ॅप टाकायचं, की चेक इंजिनचा पिवळा दिवा कशावरून लागलाय त्याचा कोड स्क्रीनवर येतो. बीएस-४ किंवा बीएस-६ गाडी असेल आणि स्वतः बघायची तयारी असेल, तर हा घ्यावाच, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र कोड म्हणजे निदान नव्हे. कोडमध्ये ऑक्सिजन सेन्सरचं नाव आलं म्हणून ऑक्सिजन सेन्सरच बदलून टाकायचा, हा या यंत्राचा सगळ्यात महागडा गैरवापर आहे आणि तो गॅरेजमध्येही सर्रास होतो. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, फक्त इतकंच सांगतो की अमुक रीडिंग मला हवं तसं मिळत नाहीये. ते का मिळत नाही, हे शोधायची सोय याच स्कॅनरमध्ये असते, पण अ‍ॅपमधली ती पानं बहुतेक जण उघडतच नाहीत.

त्याआधी, ज्या दिव्यांसाठी स्कॅनर शोधत बसायचं नाही ते दिवे. लाल दिवा म्हणजे गाडी बाजूला घ्या, पिवळा म्हणजे लवकर तपासा, हिरवा-निळा माहितीपुरता. (काही गाड्यांत सकाळी निळा थर्मामीटर दिसतो, तो इंजिन अजून थंड असल्याचं सांगतो. दोन-चार किलोमीटरवर तो आपोआप जातो.)

ऑइलच्या किटलीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला की सुरक्षित जागी थांबून इंजिन लगेच बंद करायचं. हा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, दाब पडलाय हे सांगतो. सपाट जागेवर पाच-दहा मिनिटं थांबून डिपस्टिक बघा. बऱ्याच गाड्यांत मिनिमम ते मॅक्झिममच्या खुणांमध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो. लेव्हल बरोबर असूनही दिवा लागत असेल तर सेल्फ मारू नका, गाडी टो करून न्या. बेअरिंगला दाबाखाली ऑइल मिळत नसताना इंजिन चालवलं तर काही मिनिटांत क्रँकपर्यंत काम जातं. इथे स्कॅनर लावून उपयोग नाही, कारण ऑइल प्रेशरचा स्विच बहुतेक गाड्यांत थेट मीटरला जोडलेला असतो आणि ओबीडीच्या प्रमाणित रीडिंगमध्ये ऑइलचा दाब येतच नाही.

लाल थर्मामीटर लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर फुल, आणि जागा मिळताच थांबायचं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक सोडूनही जात नसेल तर बहुधा ब्रेक ऑइल कमी झालंय. नुसतं टॉप-अप करून मोकळं होऊ नका. पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात आणि डब्यातली लेव्हल खाली जाते, त्यामुळे आधी पॅडची जाडी बघा. पॅड ठीक असतील तर गळती शोधा. हा लाल दिवा आणि एबीएसचा पिवळा दिवा एकदम लागले तर मागच्या-पुढच्या चाकांत ब्रेक वाटून देणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते, तेव्हा गाडी चालवत नेऊ नये. एकटा एबीएसचा दिवा असेल तर साधे ब्रेक चालतात, जोरात दाबल्यावर चाकं लॉक होण्यापासून वाचवणारी सोय तेवढी नसते. पावसाळ्यात चाकाजवळच्या स्पीड सेन्सरवर चिखल बसून हा दिवा लागणं नेहमीचं आहे.

बॅटरीचा लाल दिवा म्हणजे चार्जिंग होत नाहीये. इथे स्कॅनर थोडा कामाला येतो, कारण तो सॉकेटवरचा व्होल्टेज दाखवतो. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत. १२.३ दिसत असतील आणि हळूहळू उतरत असतील तर अल्टरनेटर किंवा बेल्ट गेलाय. स्वस्त स्कॅनरचा व्होल्टेज दोन-तीन दशांशाने चुकतो, म्हणून एकदा मल्टिमीटरशी ताडून बघा. काही नव्या गाड्यांत ईसीयू मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो. तिथे दिवा लागलेला नसताना १२.८ दिसले तर घाबरायचं कारण नाही.

आता यंत्राबद्दल. ईएलएम ३२७ ही मूळची कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची चिप. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, आणि आपल्याकडे जे विकलं जातं ते जवळपास सगळं नक्कल आहे. पाकिटावरच्या 'व्ही १.५' किंवा 'व्ही २.१' या आकड्यांना फार अर्थ नाही. आकडा मोठा म्हणून माल चांगला असं तर मुळीच नाही. २.१ लिहिलेल्या बऱ्याच नकलांमधून काही कमांड आणि जुने प्रोटोकॉल (गाडीशी बोलायच्या पद्धती) गाळलेले असतात. नवी गाडी कॅन बस या संदेशांच्या तारांवर बोलते, म्हणजे सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर. त्यामुळे बीएस-६ गाडीला असा स्कॅनरही चालून जातो. जुन्या गाड्यांपैकी अनेक ७ नंबरच्या पिनेवरच्या के-लाइन या जुन्या पद्धतीच्या तारेवर बोलतात, आणि नक्कल नेमकी तिथे अडते: ब्लूटूथ जोडलं जातं, पण 'ईसीयूशी संपर्क नाही' असा संदेश येत राहतो. तुमची गाडी २०१५ च्या आधीची असेल तर परत करता येईल अशाच विक्रेत्याकडून घ्या आणि पहिल्याच दिवशी लावून बघा.

भारतात बीएस-४ गाड्यांना ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. त्याआधीच्या गाडीत १६ पिनांचं सॉकेट दिसलं तरी त्यावर प्रमाणित माहिती मिळेलच असं नाही.

आयफोनवाल्यांनी इथे नीट लक्ष द्यावं. साधा ब्लूटूथ स्कॅनर आयफोनला जोडला जात नाही. त्याला ब्लूटूथ लो एनर्जीचा किंवा वाय-फायचा लागतो. वाय-फायवाल्यात फोन स्कॅनरच्या नेटवर्कला जोडून अ‍ॅपमध्ये बहुधा १९२.१६८.०.१० हा पत्ता आणि ३५००० हा पोर्ट टाकावा लागतो. अँड्रॉइडवर जोडणी मागेल तेव्हा पिन १२३४ किंवा ००००. अ‍ॅपमध्ये टॉर्क जुनं आणि भरवशाचं आहे, पण नवशिक्याला कार स्कॅनर जास्त सोपं जातं आणि ते आयफोनवरही चालतं.

सॉकेट ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ, स्टिअरिंगच्या खाली असतं. काही गाड्यांत फ्यूज बॉक्सच्या झाकणामागे. लांबट स्कॅनर खोचला तर क्लचवरून पाय घेताना तो लागतो आणि निखळून पेडलखाली पडू शकतो. आखूड आकाराचा घ्या. चावी ऑन करायची, इंजिन चालू केलं नाही तरी चालतं, मग अ‍ॅपमधून कनेक्ट. काम झालं की काढून ठेवायचा. सॉकेटची १६ नंबरची पिन चावी बंद असतानाही जिवंत असते. स्कॅनरने ५० मिलिअँपिअर खाल्ले तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, पंधरा दिवसांत १८, आणि लहान गाडीची बॅटरीच ३५ ची. गावाला जाऊन आल्यावर गाडी धक्का मारून चालू करायची वेळ येते. शिवाय पिन १२३४ असलेला ब्लूटूथ सोसायटीच्या पार्किंगमध्ये उघडा ठेवणं बरं नाही.

कोड वाचताना पहिलं अक्षर यंत्रणा सांगतं: पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी चॅसी, बी बॉडी, यू म्हणजे कंट्रोलर्सचं आपसातलं बोलणं तुटलंय. त्यापुढे शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना समान, एक असेल तर कंपनीचा स्वतःचा. कंपनीच्या कोडचा अर्थ अ‍ॅप चुकीचाही दाखवतं, कारण तोच क्रमांक दुसरी कंपनी वेगळ्या गोष्टीसाठी वापरते. तो अर्थ आपल्याच मॉडेलसाठी पक्का करून घ्या.

कोडसोबत 'फ्रीझ फ्रेम' साठवलेली असते आणि आमच्या मते या यंत्राची अर्धी किंमत तिथेच वसूल होते. दिवा लागला त्या क्षणी आरपीएम किती होते, इंजिन किती गरम होतं, वेग, लोड, फ्यूल ट्रिम (ईसीयूने इंधनात केलेली टक्केवारीतली वाढ-घट) किती होती, हे सगळं त्यात असतं. 'पुसा' बटण दाबलं की कोडबरोबर तेही गेलं. म्हणून काहीही करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या.

पी०१७१ हा कोड घेऊ, कारण सीएनजी गाड्यांमुळे तो आपल्याकडे भरपूर दिसतो. अर्थ एवढाच की मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. लाइव्ह डेटामध्ये 'लाँग टर्म फ्यूल ट्रिम' काढा. अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर सहसा ठीक. ई-२० पेट्रोलला त्याच हवेसाठी जास्त इंधन लागतं, त्यामुळे जुन्या गाडीत ट्रिम चार-पाच टक्के वर सरकलेली दिसली तर तो बिघाड नाही. अधिक २० किंवा २५ दिसत असेल तर गाडी आधी पेट्रोलवर चालवा आणि नंतर गॅसवर, दोन्हीकडे आयडलिंगला आणि २,५०० आरपीएमला ट्रिम लिहून घ्या. पेट्रोलवर सरळ आणि गॅसवर चढत असेल तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर किंवा गॅस इंजेक्टर, आणि बाहेरून बसवलेला किट असेल तर त्याचं ट्यूनिंग. ऑक्सिजन सेन्सरला दोष देऊ नका, तो खरं तेच सांगतोय. दोन्ही इंधनांवर चढत असेल तर इंधनापेक्षा हवेची बाजू बघायची, आणि ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा जोड कुठे फुटलाय का तेही. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो.

हवेच्या बाजूला एक बारकावा आहे जो बाहेरच्या देशांतल्या व्हिडिओंवर विसंबलं तर चकवतो. हवेचं वजन मोजणारा मॅफ सेन्सर असलेल्या इंजिनात व्हॅक्यूमचा पाइप फाटला तर आयडलिंगला ट्रिम खूप वर जाते आणि आरपीएम वाढवले की उतरते. पण आपल्याकडच्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्या दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवर चालतात. तिथे फटीतून घुसलेली हवाही दाबात मोजली जाते, त्यामुळे ट्रिम फार हलत नाही, आयडलिंगच चढतं. इनटेकचा दाब ३०-४० किलोपास्कलच्या आसपास असायचा तो ५० च्या पुढे दिसतो. अशा गाडीत ट्रिम २५ असेल तर पंपाचा दाब, चोंदलेले इंजेक्टर किंवा फुटलेला सायलेन्सर यांच्याकडे आधी जा.

पेट्रोल टाकीचं झाकण घट्ट करा, हा सल्लाही तसाच आयात झालेला आहे. अमेरिकेतल्या गाड्यांत टाकीच्या वाफेची गळती ओबीडी तपासते, म्हणून तिथे सैल झाकणाने दिवा लागतो. आपले नियम युरोपच्या वळणाचे, इथल्या बहुतेक गाड्यांत ती चाचणी नसते.

दिवा लुकलुकत असेल तर प्रकरण वेगळं. इंजिन मिसिंग मारतंय आणि न जळलेलं पेट्रोल कॅटकॉनमध्ये (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन जळतंय, असा त्याचा अर्थ. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, एसी बंद करा, शक्यतो गाडी उभी करा. कारण शंभर-दोनशे रुपयांच्या प्लगपायी हजारो रुपयांचा कॅटकॉन वितळतो. पी०३०१ ते पी०३०४ मध्ये शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असलेल्या इंजिनात तपासणी फुकटात होते: पी०३०२ आला असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरची कॉइल अदलाबदल करा, कोड पुसा, गाडी फिरवा. आता पी०३०३ आला तर कॉइल गेली. दोनवरच राहिला तर प्लग बदलून बघा, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. पावसाळ्यात इंजिन धुतल्यानंतर हा कोड आला तर काही बदलायच्या आधी प्लगच्या विहिरीत पाणी साचलंय का ते बघा.

सेन्सरच्या कोडमध्ये रीडिंगच बोलतं. पी०११३ आलाय आणि लाइव्ह डेटामध्ये इनटेक हवेचं तापमान उणे ४० अंश दाखवतंय. नागपुरात मे महिन्यात उणे ४० असू शकत नाही. हे रीडिंग सर्किट तुटल्याचं चिन्ह आहे. एअर फिल्टर साफ करताना काढलेला प्लग परत लावायचा राहिला असेल, नाहीतर उंदराने वायर कुरतडली असेल. दोन्ही गोष्टी बॉनेट उघडून पाच मिनिटांत दिसतात. कूलंटच्या सेन्सरचा पी०११८ तसाच, त्यात फॅन सतत फिरत राहतो. उंदरांचा त्रास असलेल्या पार्किंगमध्ये एकदम तीन-चार असंबद्ध कोड आले तर पार्ट शोधण्याआधी वायरिंगच तपासावं.

पी०४२० वाचून कॅटकॉन बदलायचा निर्णय मात्र घाईने घेऊ नका. मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेख बघा. इंजिन गरम असताना तो ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास शांत असायला हवा. पुढच्या सेन्सरसारखा ०.१ ते ०.९ मध्ये उड्या मारत असेल तर कॅटकॉन थकलाय, आणि तरीही तो का थकला याचं उत्तर बहुधा जुन्या मिसिंगमध्ये किंवा ऑइल जाळणाऱ्या इंजिनात असतं. ते न सोडवता नवा बसवला तर तोही जाईल.

डिझेलवाल्यांना हा स्कॅनर निम्माच उपयोगी. पी०४०१ म्हणजे ईजीआरमधून (धुराचा काही भाग परत इंजिनात पाठवणाऱ्या वाटेतून) पुरेसा धूर जात नाही, बहुधा काजळीमुळे; पी००८७ म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या रेलमध्ये दाब कमी, तेव्हा डिझेल फिल्टर आधी. एवढं कळतं. बीएस-६ मधला डीपीएफचा (एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागला तर स्कॅनर नाही, रस्ता लागतो: चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये २,००० आरपीएमच्या वर, न थांबता पंधरा-वीस मिनिटं. नेमका वेग आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. शहरातल्या रोजच्या सहा-सात किलोमीटरच्या फेऱ्यांत एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही, म्हणून काजळी जळत नाही. दिव्याकडे दुर्लक्ष करून पी२४६३ पर्यंत गेलं की गाडी लिंप मोडमध्ये (मुद्दाम कमी केलेल्या ताकदीवर) जाते आणि जबरदस्तीचं रिजनरेशन, म्हणजे काजळी जाळणं, कंपनीच्या स्कॅनरनेच करावं लागतं. हा पाचशे रुपयांचा ते करू शकत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका.

एअरबॅगचा आणि एबीएसचा कोड बहुतेक गाड्यांत याला दिसत नाही. काही मॉडेलसाठी अ‍ॅपमध्ये खास प्रोफाइल असतात, पण भरवसा ठेवू नये. एअरबॅगच्या दिव्याचं कारण पुष्कळदा पुढच्या सीटखालच्या पिवळ्या प्लगमध्ये असतं, तिथे सामान कोंबल्याने तो हलतो. मात्र त्या वायरिंगला मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावणं धोक्याचं आहे, एअरबॅग फुटू शकते. ते काम सर्व्हिस सेंटरचं.

कोड पुसण्याबद्दल. दुरुस्ती केली असेल तर तीन सलग फेऱ्यांत दोष न दिसल्यास दिवा स्वतःच विझतो, पुसायची घाई नसते. पुसल्याने ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्यांचे निकालही शून्यावर जातात, आणि सेकंडहँड गाडी घेणाऱ्याला नेमका याचाच फायदा. गाडी बघायला जाताना हा स्कॅनर खिशात न्या. आधी चावी ऑन करून चेक इंजिनचा दिवा लागतो का पाहा. लागतच नसेल तर तो कुणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो. मग अ‍ॅपमध्ये 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' आणि 'रेडिनेस मॉनिटर' (ईसीयूच्या चाचण्या पूर्ण झाल्या का ते) ही पानं काढा. साठ हजार किलोमीटर धावलेल्या गाडीत अंतर ४ किलोमीटर आणि मॉनिटर अपूर्ण दिसले तर आजच सकाळी काहीतरी पुसलं गेलंय. बॅटरी बदलली असेल तरी असं दिसतं, म्हणून विक्रेत्याला विचारा, शंभरेक किलोमीटर चालवल्यावर पुन्हा तपासू द्या म्हणा. नाही म्हणाला तर दुसरी गाडी बघा. दोन-तीन लाखांच्या व्यवहारात या एका पानासाठीही हा स्कॅनर स्वस्त पडतो.

पेट्रोल वाचवणारं यंत्र म्हणून त्याच सॉकेटमध्ये खोचायला जे विकतात, ते घेऊ नका. उघडून पाहिलेल्या अशा यंत्रांत लुकलुकणारे दिवे असतात आणि कॅन बसशी बोलणारी चिपच नसते.

कुणी कोणता घ्यावा? कॅनवर बोलणारी पेट्रोल गाडी आणि अँड्रॉइड फोन असेल तर साधा पुरे. के-लाइनवरची जुनी गाडी, आयफोन, किंवा प्रवासभर लाइव्ह डेटा बघायची हौस असेल तर अडीच-तीन हजारांचा, सगळे प्रोटोकॉल असलेला आणि चावी बंद केल्यावर झोपी जाणारा घ्या. त्यात डेटा भरभर येतो, स्वस्तातल्यासारखा आरपीएमचा काटा अडखळत नाही. बीएस-६ डिझेल असेल तर दोन्हींपैकी कोणताही घेतलात तरी डीपीएफसाठी सर्व्हिस सेंटरचा नंबर फोनमध्ये असू द्या.